शनी आणि आत्याचा उजवा डोळा

माझी आत्या बेचाळीस वर्षं शाळांचे गणवेश बेतत आली. तिच्या हाताखाली सहाजण शिवायला होते, आणि गिऱ्हाइकांसकट सगळे तिला मास्तर म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून पट्टी सुटली, त्या संध्याकाळी ती गॅलरीत उभी होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "ते विमान बघ गं. पाव तास झाला, जागचं हलत नाहीये."

"आत्या, तो शुक्र आहे."

"हा रोज असतो इथं?"

"गेले दोन महिने तरी असतोय."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" ती म्हणाली, जणू घरात पाहुणा येऊन राहिला होता आणि तिला कुणी हाक मारली नव्हती. चहा गार झाला तरी तिची नजर खाली येईना.

उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. तोही काढून टाकू, असं डॉक्टर म्हणत होते. आत्या ऐकायला तयार नव्हती. "एकानं भागतंय ना? मग झालं." खरं कारण मला माहीत होतं. जन्मभर कात्री तिच्या हातात होती. दुसऱ्याच्या हातातली धार आपल्या डोळ्याजवळ येणार, या विचारानंच तिला घाम फुटायचा. पहिल्या वेळेस आम्ही तिला जवळजवळ उचलून नेलं होतं.

आठवड्यानं तिनं जाहीर केलं, "मला दुर्बीण घ्यायचीय."

कॅमेरे आणि दुर्बिणी विकणाऱ्या एका जुन्या दुकानात आम्ही गेलो. विक्रेत्यानं उत्साहानं एक चकचकीत खोकं पुढं केलं. खोक्यावर रंगीबेरंगी तेजोमेघ, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'पाचशे पंचवीस पट'. आतली दुर्बीण काडीसारख्या तीन पायांवर उभी राहिली. आत्यानं आत डोकावण्याआधी नळीला बोटानं एक टिचकी मारली आणि मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." सातपर्यंत गेली तरी नळी डुगडुगतच होती.

"हलणाऱ्या मशीनवर सरळ टीप येत नाही," ती म्हणाली.

"ताई, पण पट बघा ना!"

"मीटरभर कापड ओढून ओढून तीन मीटर केलं तर काय होईल? विरळच होणार ना? समोरची काच एवढीशी. तिच्यातून येणारा उजेड तेवढाच. तो किती ताणाल?"

मागे खुर्चीत पेपर वाचत बसलेले म्हातारे मालक पेपर बाजूला ठेवून उठले. "यांना आतली दाखव," ते विक्रेत्याला म्हणाले. ती आतली पांढरी, साधी, हातभर लांबीची होती. समोरचं भिंग ऐंशी मिलिमीटरचं, पाय जाडजूड. आत्यानं टिचकी मारली. दोन मोजायच्या आत नळी स्थिर.

"साठ पट दिसेल," मालक म्हणाले. "पण नीट दिसेल. आत आरसे जुळवत बसायची भानगड नाही. गच्चीवर नेली, ठेवली, बघितलं. फक्त सूर्याकडे चुकूनसुद्धा वळवू नका. डोळा कायमचा जाईल."

घरी आल्यावर त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही उजेडातच नळीवरची छोटी शोधक दुर्बीण मोठीशी जुळवून घेतली. लांबच्या एका इमारतीवरची क्रेन दोन्हींच्या मधोमध येईपर्यंत आत्या स्क्रू पिळत होती. कापडावर खडूची रेघ ओढताना असायची तशीच तिची जीभ दातांत.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून यायला उशीर झाला. शनी दिवेलागणीनंतर वर यायचा, तो तिनं एकटीनंच शोधला. मी पोचले तेव्हा दुर्बीण खोक्यात परत गेली होती आणि आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"फसवलं म्हाताऱ्यानं," ती म्हणाली. "पिवळा लोकरीचा गुंडा दिसतो नुसता. कडंबिडं काही नाही."

सकाळी खोकं घेऊन आम्ही पुन्हा दुकानात. मालकांनी दुर्बीण रस्त्यापलीकडच्या पाटीवर लावली, स्वतः पाहिलं, मान हलवली. मग आत्याला म्हणाले, "तुम्ही कुठल्या डोळ्यानं बघता?"

"उजव्या. सुई ओवते त्यानंच."

"आणि मोतीबिंदू कुठल्याचा काढला?"

आत्याचा हात नकळत डाव्या डोळ्याकडे गेला. मी माझ्या चपलेकडे बघत हसू दाबलं.

"आज डावा लावून बघा," मालक हळूच म्हणाले. "तरी नाही दिसलं तर खुशाल परत आणा."

त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघीच होतो. आत्यानं शनी मधोमध घेतला, उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि डावा आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, लावला. फोकसचं चाक थोडं इकडे, थोडं तिकडे. मग तिचा हात चाकावरच थांबला.

"आई गं," ती एवढंच म्हणाली.

"काय दिसतंय?"

"कडं आहे. आणि कडं त्याला चिकटलेलं नाही गं. मध्ये काळी फट आहे. कुठं टेकलेलंच नाही ते! असं कसं राहिलं?"

मी पाहिलं. नखाएवढासुद्धा नसेल तो, पण इतका रेखीव, इतका खरा, की अंगावर काटा आला. बाजूला एक बारीक ठिपका होता, त्याचा चंद्र. बघता बघता सगळं एका कडेला सरकलं आणि दृष्टीआड झालं.

"पळतोय वाटतं," आत्या रिकाम्या आयपीसात डोकावून म्हणाली.

"तो नाही. पृथ्वी फिरतेय. आपणच पळतोय."

तिनं गच्चीचा कठडा घट्ट धरला. खरंच, घट्ट धरला.

मग तिनं शनी पुन्हा मधोमध घेतला आणि उजवा डोळा लावला. गुंडा. डावा लावला. कडं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. असं पाच-सहा वेळा केलं आणि स्टुलावर बसली.

"जन्मभर या डोळ्याच्या भरवशावर कापड कापलं," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना फोन लाव."

दुसऱ्या ऑपरेशनला ती स्वतःच्या पायांनी गेली. दारापर्यंत माझा हात इतका दाबून धरला होता, की तिच्या अंगठीचा वळ दिवसभर हातावर होता. पण गेली.

महिन्याभरानं अर्धा चंद्र डोक्यावर असताना आम्ही दुर्बीण लावली. आता ती डोळे बदलून बदलून बघत होती, दोन्हींनी लख्ख दिसत होतं. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची विवरं, त्यांच्या लांब सावल्या ती टाचण्या मोजाव्यात तशी एकेक निरखत होती. एकदम म्हणाली, "इथं अंधारात एक ठिणगी आहे. उजेडापासून सुटी. मघाशी नव्हती."

मी पाहिलं. काळ्या भागात टोकदार, पांढरा, एकटा ठिपका. मी थोडंफार वाचलेलं होतं. म्हणाले, "डोंगराचं शिखर असणार. खाली अजून रात्र आहे, पण टोकावर ऊन पोचलंय."

"म्हणजे तिथं आत्ता उजाडतंय?"

"आत्ता. चंद्रावरची सकाळ सायकलच्या वेगानं पुढं सरकते म्हणतात."

त्यानंतर पाऊण तास आत्यानं मला फारसं बघूच दिलं नाही. ठिपक्याची रेघ झाली, रेघ रुंद झाली. शेजारी दुसरं शिखर पेटलं, ते तिनं ओरडून सांगितलं. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, कुणाची तरी कुकरची शिट्टी झाली, आणि वर एका डोंगरावर ऊन उतरत होतं.

"एवढं सगळं," आत्या आयपीसवरून डोळा न काढता पुटपुटली, "कुणाचा काही आवाज नाही की गडबड नाही."

मग तिनं बाजूला सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, "बघ लवकर. पायथ्याला पोचेल आता."