एकच जाकीट

आठव्या किलोमीटरची पाटी दिसली तशी मोनिका रस्त्याच्या डाव्या कडेला सरकली, इतकी की बुटाखालचं डांबर संपून मुरूम लागला. रस्त्याच्या मधोमध केशरी शंकू मांडले होते. अलीकडून जाणारे धावक, पलीकडून परतणारे. पाण्याचं टेबल पलीकडे होतं. निळ्या कापडाने झाकलेलं, त्यावर कागदी पेल्यांच्या रांगा, मागे जांभळ्या साड्यांतल्या चार बायका.

"पळा गं पोरींनो, पळा!" त्यांतली एक ओरडली. दोघींनी टाळ्या वाजवल्या.

मोनिकाने मान खाली घातली आणि शंभर पावलं मोजली. मोजून झाल्यावरच वर पाहिलं. टाळ्या न वाजवणारी चौथी बाई कोण होती, हे तिला न बघताही कळलं होतं.

आदल्या संध्याकाळी ती नगरहून एसटीने पाथर्डीला आली, एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी छातीवर लावायचा नंबर घेतला आणि मुक्कामाला वस्तीवर गेली. आई, चांगुणा, चुलीपुढे भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली,

"औंदा पळायचा रस्ता बदलला म्हनं. आपल्या फाट्यावरनं हाय."

"हं."

"तिथं पान्याला इजयमाला हाय. बचत गटातल्या बाया तिला म्हनल्या, तू दुसऱ्या टेबलावर थांब. तर म्हनली, न्हाई, मी हितंच हुबी ऱ्हानार."

मोनिका कापडी नंबराच्या चार कोपऱ्यांना टाचण्या लावत होती. तिसरी टाचणी बोटात गेली.

"मग नको पळू?"

"आसं कुठं म्हनलं मी," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

विजयमालाची सृष्टी आणि मोनिका एका वर्गात शिकल्या, एकाच वर्षी बारावी झाल्या आणि दोघींनी एकत्रच पोलीस भरतीची तयारी धरली. दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात दोघी वीस वर्षांच्या होत्या. सृष्टीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. ती आजीजवळ राहायची. पहाटे पाचला मोनिका तिच्या दारात जाऊन शिटी वाजवायची, मग दोघी फाट्यापर्यंत चालत जायच्या आणि तिथून पाथर्डीच्या दिशेने पळायच्या. मैदान गावात नव्हतं. पळायला होता तो हा रस्ता.

निघताना विजयमालाने मुकादमाच्या मागे लागून एक जाकीट मिळवलं होतं. ट्रॅक्टरवाल्यांना देतात तसलं, पोपटी रंगाचं, गाडीचा उजेड पडला की पट्टे चमकणारं. "अंधाराचं पळता. घालीत जा," एवढं म्हणून तिने ते लेकीच्या हातात दिलं. जाकीट एकच होतं आणि पळणाऱ्या दोघी. त्यांनी वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार सृष्टीचे, बाकीचे मोनिकाचे. ही वाटणी त्या दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही होतंही काय?

तो दिवस शुक्रवार होता. मोनिकाला रात्रीपासून कसकस वाटत होती. फाट्यावर आल्यावर ती म्हणाली, "आज मला दे की. लई गार लागतंय." सृष्टीने जाकीट काढून तिला दिलं आणि स्वतः तिच्या उजवीकडे, रस्त्याच्या आतल्या अंगाला झाली. धुकं होतं. मागून पिकअप आली.

चालकाने जबाबात सांगितलं, मला एकच पोरगी दिसली. जाकीट चमकलं, तिला चुकवायला मी गाडी उजवीकडे घेतली.

हे वाक्य पुढे कितीतरी महिने गावात फिरत राहिलं. पारावर, दूध डेअरीवर, एसटीत. एकच पोरगी दिसली. लोक ते सांगायचे, हळहळायचे आणि मोनिका नशिबाची म्हणायचे. त्या दिवशी जाकीट कुणाच्या वाट्याचं होतं, हे कुणी विचारलं नाही.

सृष्टी नगरच्या दवाखान्यात तीन दिवस होती. मोनिका दोन दिवस दवाखान्याच्या फाटकापाशी उभी राहिली, वर गेली नाही. दहाव्याला मात्र आईबरोबर तिच्या घरी गेली, बायकांत ओट्यापाशी बसली. विजयमालाने एकदा तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नजर काढून घेतली. त्यानंतर दोघींची भेट नव्हती. पुढच्या भरतीत मोनिकाची निवड झाली, ट्रेनिंग झालं, नगरला नेमणूक मिळाली.

साडेदहा किलोमीटरवर रस्ता वळत होता. तिथल्या मुलीने तिच्या मनगटात हिरवं रबर अडकवलं. "ताई, तुम्ही बायकांत पाचव्या आहात," ती म्हणाली. मोनिकाने मान हलवली. श्वास ठीक होता, पाय हलके होते. पुढे पिवळ्या बनियनमधली एक मुलगी दिसत होती, तिच्या पुढे आणखी एक. दोघीही गाठण्यासारख्या होत्या. तिने मनाशी ठरवलं, पाणी घ्यायचंच नाही. फाटा आला की पिवळ्या बनियनवर नजर ठेवायची आणि सरळ निघायचं.

सूर्य वर आला होता. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधूनच कपाशीची वाळलेली पळाटी. टेबल लांबून दिसलं. या वेळी ते तिच्याच बाजूला होतं. बायका पेले धरून रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. पिवळ्या बनियनवाल्या मुलीने पळता पळताच एक पेला उचलला, अर्धा तोंडात, अर्धा डोक्यावर ओतला आणि फेकून दिला.

सगळ्यांत शेवटी विजयमाला उभी होती. केस पांढरे झालेले. हात लांब करून तिने पेला धरला होता, इतरांसाठी धरला होता तसाच.

मोनिकाचे पाय मंदावले. ते तिने ठरवलं नव्हतं. पेला हातात आला तेव्हा ती थांबलेली होती.

"काकू."

"पी आधी."

ती प्यायली. पेला रिकामा झाला तरी तिने तो ओठांपासून लवकर काढला नाही.

"काकू, त्या दिवशी शुक्रवार हुता."

विजयमालाने भरायला घेतलेला पेला खाली ठेवला.

"शुक्रवार तिचा. आमी वार वाटून घेतल्यालं. जाकीट तिनं घालायचं हुतं त्या दिवशी. मला गार लागत हुतं म्हनून मी मागून घेतलं." तिचा आवाज पळण्याने तुटत होता, की दुसऱ्या कशाने, ते बाकीच्या बायकांना कळलं नाही. त्यांच्या टाळ्या थांबल्या. "न्हाई तर गाडीवाल्याला ती दिसली असती."

विजयमालाने तिच्या दंडाला धरून तिला टेबलाच्या मागे, बाभळीच्या सावलीत नेलं. हात सोडला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"जाकिटाचं. तिनंच सांगितलं. दुसऱ्या दिशी घटकाभर सुदीवर आल्ती. मी फडातनं तशीच आलेली, अंगावर पाचटाची कुसं. मला म्हनली, आई, जाकीट मोनीला मी घातलं. तिला ताप हुता. तिला काय म्हनू नको."

"मी मागितलं हुतं काकू. तिनं आपणहून न्हाई—"

"तू मागितलं आसंल. तिनं दिलं."

रस्त्यावरून तीन-चार धावक गेले. एक बाई पटकन पुढे होऊन त्यांना पाणी द्यायला लागली. विजयमाला त्यांच्याकडे बघत होती, पण बोलत होती मोनिकाशी.

"तुला सांग म्हनली हुती. दोनदा म्हनली. मोनीला सांग, तिच्या जिवाला लागंल." पदराने तिने कोरडंच तोंड पुसलं. "मी न्हाई सांगितलं."

मोनिकाच्या हातातला पेला चुरगळला.

"दहाव्याला तू आल्ती. ओट्यापशी बसली हुतीस खाली मान घालून. तवा तोंडापत्तुर आल्तं माझ्या. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. माझी गेली, चांगुणाची हाय. एवढं तरी सोसू दे हिला." आता तिने मोनिकाकडे पाहिलं. "पुढं तू भरती झाली. तवा बी वाटलं, सांगावं. चांगुणाला तुझा फोन नंबर मागावा. रोज उद्यावर टाकलं. दोन वर्सं झाली."

मोनिकाच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, तो तिने पुसला नाही.

"जा," विजयमाला म्हणाली. "लोक पुढं चाललेत." आणि ती टेबलाकडे वळून पेले भरू लागली.

मोनिका पळायला लागली. पहिले काही मीटर पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडत होते. आपण हलकं व्हायला हवं, असं तिला वाटत होतं. सृष्टीने शेवटी आपलं नाव घेतलं होतं, दोष दिला नव्हता, उलट झाकून घेतलं होतं. याने रडू यायला हवं होतं. चौदाव्या किलोमीटरची पाटी मागे पडली तरी रडू आलं नाही. जे आलं ते ओळखायला तिला वेळ लागला. तिला राग आला होता.

दोन वर्षांत ती कुणावरही रागावली नव्हती. ट्रेनिंगमध्ये उन्हात तासभर उभं केलं तरी नाही, खोलीतल्या मुलीने तिचे बूट परस्पर वापरले तरी नाही. आपल्याला तो हक्क नाही असं तिने धरून ठेवलं होतं. नाकाबंदीच्या ड्यूटीला चमकणारं जाकीट मिळालं की ती ते बरोबरच्या शिपाई मुलीला द्यायची आणि स्वतः तशीच रस्त्यावर उभी राहायची. साहेबांनी दोनदा त्यावरून झापलं होतं. शुक्रवारी पहाटे तिला अजून जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. आणि ही सगळी दोन वर्षं, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, एका बाईजवळ ते एक वाक्य होतं. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

तिने वेग वाढवला. पिवळं बनियन सोळाव्या किलोमीटरला मागे गेलं, आणि त्यापुढची मुलगी अठराव्याला. छातीत दुखायला लागलं, तिने दुखू दिलं. पाथर्डीत शिरताना रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं ढोल बडवत होती. तो आवाज तिला लांबून येतोय असं वाटत राहिलं. शेवटची कमान ओलांडली तेव्हा कुणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, कुणीतरी केळं हातात दिलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"मॅडम, तुम्ही तिसऱ्या आलात," नोंद ठेवणारा माणूस म्हणाला. "अर्ध्या तासाने बक्षिसं आहेत. जाऊ नका."

मैदानाच्या फाटकाशी एक टेम्पो सुरू होऊन उभा होता. शंकू आणि टेबलं गोळा करायला निघालेला. मोनिका त्याच्याकडे गेली.

"दादा, फाट्यापर्यंत सोडता का?"

ड्रायव्हरने तिच्या छातीवरचा नंबर पाहिला, गळ्यातलं पदक पाहिलं. "आत्ताच तर तिकडनं आलात ना पळत? काही राहिलं का तिथं?"

"हो."

टेम्पो हळूहळू जात होता. जागोजागी थांबून हमाल शंकू उचलत होते. अजून काही लोक चालत-पळत येत होते, एक म्हातारे गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली हातात हात घालून. मागे मैदानावरच्या कर्ण्यातून नावं पुकारली जात होती. तिचं नाव दोनदा ऐकू आलं, मग वळणावर आवाज तुटला. ड्रायव्हरच्या शेजारी बसून ती विजयमालाला काय म्हणायचं याची जुळवाजुळव करत होती. दर वाक्य जुळलं की मोडत होतं.

फाट्यावर बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. टेबल दुमडून बाभळीला टेकवलं होतं. विजयमाला एकटीच रस्त्यावर वाकून फेकलेले पेले गोळा करत होती, एकेक उचलून पोत्यात टाकत. टेम्पोचा आवाज ऐकून ती बाजूला झाली. मग तिला मोनिका उतरताना दिसली.

हमालांनी टेबल वर चढवलं. टेम्पो पुढे गेला. रस्ता मोकळा झाला.

"नंबर आला का?" विजयमालाने विचारलं.

"आला."

विजयमालाने आणखी एक पेला उचलला. मोनिका तिथेच उभी होती, दोन्ही हात कमरेला, श्वास आता सरळ.

"भांडायला आलीस?"

"व्हय," मोनिका म्हणाली.

विजयमालाने पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली. वर उन्हाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मग घरी चल," ती म्हणाली. "हितं उन्हात नको."