ताकदीची गोळी

डॉक्टरांनी थायरॉइड हा शब्द उच्चारला तो मंगळवार होता. मंगळवारी दुकान बंद असतं म्हणून लक्षात राहिलं. बायको जाऊन तोवर वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात लोकांनी नावाजावं असं माझ्याजवळ एकच होतं, माझं दुःख. ते त्या दिवशी गेलं.

त्याआधी काही दिवस मशीनची सुई माझ्या बोटात गेली होती. मी शर्ट शिवतो, तेही दुसऱ्याच्या दुकानात. इतका ढिला मी कधी पडलो नव्हतो. मालकांनी मला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बोट बांधलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि मग बोट सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आवाज असा घोगरा कधीपासून आहे ते विचारलं. एवढ्या उन्हात स्वेटर कशाला, ते विचारलं. गळ्यावर दोन बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगितलं. मालक मध्येच म्हणाले, यांची बायको गेली हो, फार जिवाला लावून घेतलंय. डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्त तपासायला पाठवलं.

मंगळवारी त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, ती मंदावली आहे. थकवा, थंडी वाजणं, तोंडावर सूज, आवाज बसणं, विसरायला होणं, कशात मन न लागणं, सगळं त्यातूनच येतं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, वर तासभर चहासुद्धा नाही, आणि हे कायमचं. काही महिन्यांत माणसात याल, म्हणाल्या.

मी विचारलं, "सगळं त्यातूनच?"

त्यांना वाटलं मला हायसं वाटलं. हसून म्हणाल्या, "बरंचसं."

मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं. घरी सासूबाई होत्या. त्यांना काय सांगायचं?

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांना ही एकच मुलगी, आणि आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे सासरे गेल्यावर हिनं त्यांना इकडे आणलं. माझं आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही, पण जमलंही नाही. मला त्या अहो-जाहो करायच्या, ताटात आधी मला वाढायच्या, आणि शेजारणीपाशी माझा उल्लेख दगड असा करायच्या. माझ्या कानावर यायचं. मुलीलाही म्हणायच्या, तुझा नवरा घरात असला काय, नसला काय, सारखंच. ही हसायची. म्हणायची, "दगड आहे म्हणून तर ठेवला तिथे सापडतो."

ही गेली तेव्हा मी रडलो नाही. दवाखान्यात नाही, घरी आणल्यावर नाही, लोक पांगल्यावरही नाही. रडू येत नव्हतं, एवढंच. सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांच्या घरातून काही उचलून नेलं आहे.

मग हळूहळू माझे डोळे सुजायला लागले. सकाळी उठलो की पापण्या जड, तोंड भरलेलं. आवाज बसला. जेवण जाईना. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. नवशिकाही असं करत नाही. मालक ओरडले नाहीत. उलट दोन-तीन जणांना दाखवून म्हणाले, वहिनींबरोबर मास्तरांचा उजवा हातच गेला, मग काय, बाह्या डाव्याच निघणार. आणि पदरचं कापड घालून त्यांनी नवी बाही बेतली.

सासूबाईंनी माझे डोळे पाहिले आणि त्यांचा त्यांनी अर्थ लावला. चारचौघांत हा माणूस रडत नाही, रात्री उशीत तोंड खुपसून रडतो. त्या शेजारणीला सांगत होत्या ते मी दाराआडून ऐकलं. म्हणाल्या, मी चुकले गं, इतकी वर्षं त्याला दगड म्हटलं. माझ्या पोरीसाठी असं झुरणारं कोणीतरी आहे, मला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "घे रे बाळा." आयुष्यात पहिल्यांदा मला अरे म्हणाल्या.

मी रडत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एक तर ते ऐकायला बरं वाटलं. दुसरं म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. म्हटलं, कोणी डोळ्यांनी रडतं, मी अंगानं रडत असेन.

त्यामुळे मंगळवारी घरी येऊन मी सांगितलं की बोटातून रक्त गेलं म्हणून डॉक्टरांनी ताकदीची गोळी दिली आहे. सासूबाईंनी गोळी द्यायचं काम अंगावरच घेतलं. मी उठायच्या आत पाण्याचा पेला आणि गोळी ओट्यावर तयार. चहाचं आधण मुद्दाम उशिरा. मी गिळेपर्यंत समोर उभ्या.

गोळी लागू पडली. आधी हात गरम झाले. स्वेटर खुंटीवर गेला. मग भूक लागायला लागली, कात्री पूर्वीसारखी चालायला लागली. डोळ्यांची सूज उतरली. आवाज परत आला. दुकानात मालक म्हणाले, सावरलात हो. त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, आणि मी काजं मोजत असल्यासारखी मान खाली घातली.

एकदा जेवताना मी सासूबाईंना एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. त्याचं पोट सुटलं होतं आणि तो शर्ट आटला म्हणून भांडत होता. त्याचा जुना शर्ट लावून दाखवला तर म्हणाला, हाही आटला. सांगता सांगता मला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. सासूबाईंचा हात ताटातच राहिला. पाणी प्यायल्या आणि उठल्या.

त्यानंतर मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, त्यांनी पाठ फिरवली की गोळी काढून बटणांच्या डब्यात टाकायची. केस पांढरे झालेला माणूस, डोळे पुन्हा सुजावेत म्हणून औषध थुंकत होता. सूज परत आली. थंडीही आली. स्वेटर खुंटीवरून खाली आला. सासूबाई पुन्हा माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि तो हात मला नकोसा व्हायला लागला.

एके दिवशी सकाळी ओट्यावर पाण्याचे दोन पेले होते. मला वाटलं चुकून ठेवला.

त्या म्हणाल्या, "आज मलाही दे एक."

"काय?"

"ती गोळी. तू घेत होतास तेव्हा हसायला लागला होतास. तेव्हा मला राग आला. मग वाटलं, गोळी चांगली आहे की. आता तुला पुरत नाहीये असं दिसतंय, पण मला पुरेल. मला फार जड झालंय रे."

मी म्हणालो, ती तुमची नाही, तुम्हाला चालणार नाही, तुमचं हृदय नाजूक आहे.

"का? दुःख काय तुझ्या एकट्याचं आहे?"

खोटं आणखी पुढे रेटायचं तर ही बाई माझ्या नकळत माझी गोळी घेऊन जिवावर बेतून घेईल. मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं. थायरॉइडचं, ग्रंथीचं, डॉक्टर काय म्हणाल्या ते, बटणांच्या डब्याचं. त्यांनी ओट्याला टेकून सगळं ऐकलं.

मग म्हणाल्या, "कुठे असते ती?"

मी गळ्यावर बोट ठेवलं. त्यांनी तिथे नीट पाहिलं.

"म्हणजे डोळे त्यानं सुजायचे."

"हो."

"आणि तुम्ही रडलात कधी?"

अरे जाऊन पुन्हा अहो आलं होतं. मी नाही म्हणालो.

त्यांनी दुसऱ्या पेल्यातलं पाणी परत माठात ओतलं नाही की फेकलंही नाही, सावकाश पिऊन टाकलं. मग माझा पेला पुढे सरकवला.

"गोळी घ्या. माझ्यासमोर, आणि तोंड उघडून दाखवा. औषध अर्धवट सोडायचं नसतं. आधी बरे व्हा. मग बघू, आतमध्ये काय आहे ते. उगीच आत्ताच काही बोलत नाही मी."

मी गोळी गिळली आणि लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवलं.

याला आता बरेच दिवस झाले. रक्त पुन्हा तपासलं, थायरॉइडचं प्रमाण ठीक आलं. डॉक्टर खूश आहेत. डावी बाही डावीकडे, उजवी उजवीकडे बसते. मी पोटभर जेवतो, रात्री झोप लागते. हिच्या साड्यांचं कपाट मी उघडून पाहिलं, समोर बसलो. हिचा फोटो समोर घेऊन बसलो. आठवण येते. शर्टाला काजं करताना फार येते, दुकानातल्या शर्टांची काजं घरी बसून हीच करायची. छातीत काहीतरी वर येतं आणि गळ्यापाशी थांबतं, तिथे आता काही बिघाड नसताना.

सासूबाई रोज सकाळी पेला देतात. द्यायच्या आधी माझ्या डोळ्यांकडे बघतात.

मी अजून रडलेलो नाही.