सुभेदारांचा रिपोर्ट

पावस गावच्या सुभेदार सखाराम सुर्व्यांनी आयुष्यात दोन लढाया केल्या. पहिली सीमेवर, तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. दुसरी निवृत्तीनंतर अंगणात, सुकत घातलेल्या मासळीवरून कावळ्यांशी. ही वीस वर्षं चालली. सकाळी सहाला पलटणीतली हिरवी टोपी चढवून, हातात बेचकी घेऊन सुभेदार अंगणातल्या खुर्चीत बसत आणि आत हाक देत, "रिपोर्ट?" सावित्रीबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "सगला ठीक हाय, साहेब!" मगच चहा बाहेर यायचा.

शेवटच्या सकाळी मात्र बाई बोलल्या नाहीत. आदल्या दिवशी कावळ्यावर सोडलेला खडा त्यांच्या नव्याकोऱ्या माठाला लागला होता. "रिपोर्ट?" दोनदा ऐकूनही त्यांनी तोंड उघडलं नाही. दुपारी सुभेदार जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आज दहावा. 'बायकांनी यायचं नसतं' म्हणणाऱ्या तिघांना बाजूला सारून बाई पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्याकाठी येऊन बसल्या. मुंबईहून आलेल्या मुलाने, अजिंक्यने, पिंड ठेवला आणि वडिलांचा मान म्हणून शेजारच्या दगडावर त्यांची हिरवी टोपी ठेवली. समोरच्या आंब्यावर चाळीसेक कावळे होते. एकही खाली उतरेना.

"सुभेदारदादाचा कायतरी ऱ्हायलाय," शेजारचा भिकाजी म्हणाला.

अजिंक्यने हात जोडले. "बाबा, आंब्याची कलमं विकणार नाही." कावळे ढिम्म. "दर शिमग्याला येईन." ढिम्म. "दारू सोडतो!" आईने चमकून पाहिलं. हा पितो, हेच तिला ठाऊक नव्हतं.

भटजींना शेजारच्या गोळप गावी दुसरा दहावा होता. "दर्भाचा कावळा करून शिववू या," ते घड्याळ बघत म्हणाले.

काय राहिलंय ते सावित्रीबाईंना पक्कं माहीत होतं. एक साधा रिपोर्ट! त्या उठल्या, टोपी उचलून पदराखाली छातीशी धरली आणि बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात अख्खा आंबा खाली उतरला.

"सुटलो!" अजिंक्य म्हणाला.

बाईंना शंका आली. त्यांनी टोपी पदराबाहेर काढली. कावळे कलकलाट करत झाडावर. टोपी आत घेतली. कावळे पुन्हा पिंडावर. दहा दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. म्हणजे सुभेदार रागावून गेले की कसे, ते कावळ्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. दारू सुटत होती तर सुटू दे.

तेरावा उरकला, अजिंक्य मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी अंगणात मासळी पसरली, रिकाम्या खुर्चीवर टोपी ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला. सहा वाजले. कुणी विचारलं नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग नेहमीच्याच आवाजात ओरडून सांगितलं,

"सगला ठीक नाय, साहेब. पन मासली शाबूत हाय."