स्वतःला दोन गुण

कार्यशाळेत बसून बापाक हर्जुनो, म्हणजे हर्जुनो मास्तर, विद्यार्थिनी वेनिंगचा तक्ता वाचत होते आणि त्यांचं डोकं फिरत चाललं होतं. नोकरीसाठी लागणारी कौशल्यं. पाचपैकी आपले आपण गुण द्यायचे. पंपदुरुस्ती: दोन. आराखडे: दोन. गटात काम: दोन. सेमारांग शहरातल्या अख्ख्या तंत्रनिकेतनात पंपाला हात लावावा तर हिनेच, आणि बाईसाहेबांनी स्वतःलाच नापास करून ठेवलेलं! सरासरी तीनच्या खाली असली तर सुराबायाच्या कंपनीची मुलाखत नाही. आणि मुलाखती आज दुपारीच होत्या.

"हे काय गं पोरी?"

"आपणच आपल्याला पाच कसे द्यायचे, बापाक? आई म्हणेल, शिकून शिंगं फुटली."

"आणि दोन दिलेस म्हणून ती गावजेवण घालणार आहे का? वसतिगृहाचा पंप कोणी चालू केला? भुताने?"

"थोडंफार जमलं, बापाक."

थोडंफार! हर्जुनोंनी तक्ता खाली ठेवला. अडतीस वर्षांपूर्वी याच कार्यशाळेत जहाज कारखान्याच्या साहेबाने त्यांना विचारलं होतं, "इंजिन एकट्याने खोलता येतं?" येत होतं हो, डोळे मिटून येत होतं! पण जावा बेटावरच्या घरात, स्वतःची बढाई मारायची नाही अशा शिकवणीत वाढलेला मुलगा, म्हणाला, "थोडंफार." साहेब सुमात्राचा, रोखठोक माणूस. त्याने थोडंफार असंच लिहून घेतलं. जहाजं हुकली ती कायमची.

तेव्हा असले तक्ते नव्हते. त्यांचे मास्तर, बापाक दार्मो, पोराने तयार केलेला यंत्राचा दांडा बोटाने फिरवून बघायचे. मनासारखा फिरला तर ओढत असलेली लवंगी सिगारेट अर्ध्यावर थांबवून पोरापुढे करायचे. झालं, पास! एक शब्द नाही. काय दिवस होते ते! लवंगेचा वास आला की हर्जुनो अजून मान वळवून बघतात.

"खोड ते दोन," ते म्हणाले.

"तुम्हीच खोडा ना, बापाक."

"आणि मुलाखतीत तुझ्याऐवजी मीच बोलू?"

वेनिंगने पेन घेतलं. मग पंपापुढे चार लिहिले, बाकी ठिकाणी तीन-तीन, आणि चोरी केल्यासारखी पळाली.

दुपारी मुलाखती तिथेच झाल्या. हर्जुनो कपाटाआड उगाच पाने-पक्कड पुसत उभे राहिले.

"पंप एकटीने खोलून जोडता येतो?" कंपनीच्या बाईंनी विचारलं.

वेनिंग गप्प. ती शांतता हर्जुनोंच्या चांगलीच ओळखीची होती. हातातलं फडकं थांबलं. बोल गं बाई, बोल!

"येतो," वेनिंग म्हणाली. "नुसत्या आवाजावरून बिघाडही सांगते."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला.

बाई गेल्यावर वेनिंग घाबरीघुबरी त्यांच्याकडे आली. "बापाक, मी फार बोलले का?"

हर्जुनो आल्याचा चहा पीत होते, तो अर्धा पेला त्यांनी तिच्यापुढे सरकवला.