वस्तादांची हिरवी काठी

मी एक दस्तऐवज बोलतोय. कागदाचा नव्हे. मला वजन नाही, वास नाही, माझा कोपरा दुमडता येत नाही. लोक मला शेअरची फाईल म्हणतात. एकाच वेळी चौघे मला उघडतात आणि चौघेही माझ्यात लिहितात. मी नक्की कुठे असतो, हे विचारू नका. दोन वर्षं मीच शोधतोय.

एक कंपनी आहे. लिफ्टची देखभाल करते. तिथल्या अभियंता बाईंनी एका सकाळी मला जन्माला घातलं. तेही कोरं नाही. सुट्ट्यांच्या यादीची नक्कल काढली, आतलं पुसलं आणि वर नवं नाव टाकलं. म्हणजे अंगावर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचे कपडे. अजूनही माझ्या तळाशी 'रजेचे कारण' असा एक रकाना आहे. कुणी काढत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने कशासाठी तरी ठेवला असेल.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "आजपासून फोन नको, चिठ्ठी नको, जिन्यात गाठून सांगणं नको. जे असेल ते ह्यात लिहा. सगळ्यांना दिसेल."

स्टोअरकीपर म्हणाला, "बाई, सगळ्यांना दिसणार म्हणजे कुणीच बघणार नाही."

सगळे हसले. मला तो वाचाळ वाटला.

माझ्यात कोण आलंय हे काठीवरून कळतं. बारीक उभी काठी, कर्सर म्हणतात ती, वर नावाची पाटी. बाईंची लाल, स्टोअरकीपरची पिवळी. निळी काठी एका मेकॅनिक बाईची. ती दिसेल ते मोजते, म्हणून तिचं नाव मोजपट्टी. हे नाव ठेवलं वस्तादांनी. आणि वस्तादांची काठी हिरवी.

वस्ताद म्हणजे चाळीस वर्षं लिफ्टच्या दोरांवर हात फिरवलेला माणूस. शाळा थोडी, शब्द थोडे. मध्ये बोललेलं खपत नाही. ते बोलू लागले की बाईसुद्धा पेन खाली ठेवतात. त्यांची खोली तळघरात. तिथल्या टेबलावर बाईंनी संगणक ठेवून दिला आणि बजावलं, "वस्ताद, बंद करू नका. पुन्हा पासवर्ड मागेल."

वस्तादांनी एका बोटाने माझ्यात एक ओळ लिहिली. अर्धा तास लागला. 'चार नंबर माललिफ्ट. दोर उत्तम. दोन वर्षे बघायला नको.' मग उठले, अंगरखा झटकला आणि कामाला गेले. काठी तिथेच उभी राहिली. संगणक बंद करायचा नाही, असंच तर सांगितलं होतं.

पुढे जे झालं त्याचा मला आजही उलगडा होत नाही.

दहा दिवसांनी मोजपट्टी चार नंबरवर गेली. दोर नवा असताना जाडीला बारा मिलिमीटर. अकराच्या खाली गेला की बदलायचा, हा नियम. तिने मोजला. साडेदहा. वरच्या कार्यालयात येऊन तिने मला उघडलं आणि वस्तादांच्या ओळीपाशी आली. तिथे हिरवी काठी लुकलुकत होती.

ती थांबली. वडीलधारा माणूस ओळीवर बसलाय, त्याच्या हातातून ओळ कशी ओढायची? तिने बाजूला टीप लिहिली. 'वस्ताद, दोर साडेदहा आहे. एकदा बघाल का?' आणि वाट बघत बसली.

काठी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टिपेखाली लिहिलं, 'वस्ताद बघत आहेत. त्यांना वेळ द्या.' स्टोअरकीपरने लिहिलं, 'नवे दोर आहेत माझ्याकडे. वस्तादांनी हो म्हटलं की काढतो.' माझ्या उजव्या अंगाला अशी माणसांची रांग लागली. सगळे अदबीने उभे, आणि डावीकडे ती एक काठी. मलाही वाटलं, वस्ताद विचार करताहेत. इतका वेळ माणूस एका ओळीवर बसतो म्हणजे विचार मोठाच असणार.

वस्तादांना पडद्यावर वाचणं जमत नसे. दर सोमवारी ते स्टोअरमध्ये जाऊन माझी कागदी प्रत छापून घेत, घडी घालून खिशात ठेवत. कागदावर बाजूच्या टिपा उतरत नाहीत. म्हणजे कार्यालयात माझ्या अंगावर तीन माणसं हाका मारत होती आणि वस्तादांच्या खिशात मी ठार मुका होतो. दोन्ही मीच. खरा कुठला, तुम्ही ठरवा.

त्या सोमवारी त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि म्हणाले, "कुणाचं काही म्हणणं नाही. बरोबर आहे तर."

कागद देता देता स्टोअरकीपर म्हणाला, "वस्ताद, त्या एका ओळीचा किती विचार करणार?"

"विचार करून झालाय."

"मग?"

"मग काय? लिहिलंय ते लिहिलंय."

स्टोअरकीपरने हे वर जाऊन मोजपट्टीला सांगितलं. "जाऊ दे गं. वस्ताद ऐकत नाहीत. तुझं माप त्यांना पटलेलं दिसत नाही."

तिचं तोंड उतरलं. ती परत जाऊन मोजून आली. साडेदहाच. आणि गुरुवारी चार नंबरमधून छपाईचं मोठं यंत्र सहाव्या मजल्यावर चढवायचं होतं. असं वजन चढताना वस्ताद स्वतः आत उभे राहतात. तशी त्यांची रीतच आहे. माझ्या माणसाने काम केलंय, मग आत मी उभा राहीन, असं म्हणतात.

गुरुवारी सकाळी मोजपट्टीने बाईंचा नियम मोडला. ती भांडायलाच तळघरात उतरली. दार ढकललं. खुर्चीवर ग्रीसचा डबा. कळफलकावर बोटभर धूळ. पडद्यावर मी उघडा, आणि माझ्यात ती हिरवी काठी लुकलुकते आहे.

"अगंबाई," एवढंच म्हणाली आणि पळाली.

पुढचं मी खिशातून ऐकलं. यंत्र आत चढलं होतं. वस्तादांनी जाळीचं दार ओढायला हात घातला होता.

"वस्ताद, बाहेर या!"

"ओरडू नकोस. काय झालं?"

"दोर साडेदहा आहे."

"मी स्वतः चिंधी फिरवलीय त्याच्यावर. एक तार तुटलेली असती तर चिंधी अडकली असती."

"तार तुटलीच नाही, वस्ताद. आतला वाखाचा गाभा सुकलाय. दोर आतून बसलाय. चिंधीला ते कळत नाही."

वस्तादांनी दारावरचा हात काढला. मग म्हणाले, "कधी मोजलंस?"

"दोन आठवडे झाले."

"आणि आज सांगतेस?"

"लिहिलं होतं. तुमच्या ओळीच्या बाजूला."

"बाजूला कशाला? तोंडावर सांगायचं."

"तुम्ही तिथे बसला होतात ना! तुम्ही उठायची वाट बघत होतो आम्ही."

"मी?" वस्तादांनी खिशातून मला काढलं, उलटसुलट करून पाहिलं. "मी कुठे बसलो होतो?"

तिने खाली तळघराकडे बोट दाखवलं.

वस्ताद मशीन रूमपर्यंत सहा मजले जिन्याने चढले. मोजपट्टीच्या हातून माप घेतलं आणि स्वतः लावलं. तीनदा लावलं. मग माप तिला परत दिलं. "यंत्र उतरवा," म्हणाले.

त्या दुपारी तळघरातल्या खुर्चीवर पुन्हा माणूस बसला. ग्रीसचा डबा खाली ठेवलेला. हिरवी काठी खरोखर हलली. मी दचकलो. वस्तादांनी एक एक अक्षर शोधून जुन्या ओळीखाली लिहिलं, 'दोर बदला. पोरीचे माप बरोबर. माझे चुकले.' जुनी ओळ पुसली नाही. कशी पुसायची ते माहीत नव्हतं की पुसायची नव्हती, ते मला सांगता येणार नाही. मग ते उठले. काठी तिथेच राहिली.

दोर त्याच आठवड्यात बदलले. यंत्र चढलं. आत वस्ताद होते, आणि बोलावलेलं नसताना मोजपट्टीही होती.

आता वस्ताद निवृत्त होऊन चार महिने झाले. मी तसाच आहे, तळाशी 'रजेचे कारण' घेऊन. परवा बाई म्हणाल्या, "ती 'माझे चुकले' ओळ काढा. तपासणीला फाईल जायची आहे. बरं दिसत नाही." सगळे हो म्हणाले. ओळ आहे तिथेच आहे. तळघरातला संगणकही चालूच आहे, आणि तिच्या टोकाला हिरवी काठी अजून लुकलुकते. दर सोमवारी ती जराशी हलते, एक अक्षर पुढे, एक अक्षर मागे. कळफलकावरची धूळ पुसताना हलते तशी.

लोक त्या ओळीपाशी येतात आणि थांबतात. वस्ताद बसलेत असं त्यांना अजून वाटतं, की वस्ताद गेलेत हे ठाऊक असूनच थांबतात? काठ्यांवरून मला माणसं कळतात असा माझा समज होता. तो गेला.

एवढंच मागणं आहे. माझ्यात कुणाची काठी दिसली म्हणून तो माणूस तिथे आहे असं धरून चालू नका. जिना उतरा, दार ढकला, खुर्ची बघा. आणि तळघरात सोमवारी कोण असतं ते दिसलं तर मलाही सांगा. बाजूला लिहू नका. तोंडावर सांगा.