ओवीतली नणंद

मातोश्री मुक्ताबाई रेडिओची खोली अर्जुनरावांच्या रानात होती आणि टॉवर होता त्यांचा भाचा बिभीषण याच्या माळावर. मधे बांध, बांधावरून केबल. म्हणजे युवराज बोलायचा मामाच्या हद्दीत आणि त्याचा आवाज हवेत जायचा भाच्याच्या हद्दीतून. मामा-भाच्याचं बरं चाललं होतं तोवर आवाजाला याचा काही त्रास नव्हता.

युवराज या स्टेशनचा व्यवस्थापक, निवेदक, तंत्रज्ञ आणि झाडूवाला होता. चौघंही थकलेले होते. आवाज पोचायचा टॉवरपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर, नांदूरघाटच्या थोडा पुढं. त्यानंतर नुसती खरखर. खरखर ऐकणारे श्रोते बरे, ते फोन करून तक्रार तरी करत नाहीत, असं त्याला अधूनमधून वाटे.

स्टेशन बंद पडावं असं त्याला रोज सकाळी कुलूप उघडताना वाटायचं. फक्त ते आपल्या हातून पडू नये, एवढंच म्हणणं होतं. बंद पडलं असतं तर केजला थोरल्या भावाच्या मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवत बसावं लागलं असतं, आणि थोरल्या भावाचा आवाज बारीक करायचं बटण कुठं असतं ते त्याला अजून सापडलं नव्हतं.

काटकसर तर अशी, की आवाज घुमू नये म्हणून बाकीची स्टेशनं भिंतींना फोम लावतात, इथं गोधड्या होत्या. गोधड्या गावातून मागून आणलेल्या. दिवाळी सरून थंडी पडली की दिवस मावळायला ज्याची त्याची माणसं यायची आणि आपापली गोधडी खिळ्यावरून काढून पांघरायला न्यायची. सकाळी पुन्हा आणून टांगायची. त्यामुळं सकाळचे कार्यक्रम मऊसूत व्हायचे आणि संध्याकाळी डॉक्टरांचा सल्ला आडात पडलेला माणूस ओरडतोय तसा ऐकू यायचा. एका म्हातारबानं तर फोन करून विचारलं होतं, डॉक्टरला वर काढलं का न्हाई.

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की गावात राहायची म्हातारी माणसं. म्हणून स्टेशनवर जुनी गाणी. पण सिनेमातली जुनी गाणी लावायची तर कंपन्यांना पैसे भरावे लागतात, आणि अर्जुनराव म्हणाले होते, "युवराज, गाणी जुनी पाहिजेत. इकत पाहिजेत आसं कुटं लिवलंय?" मग युवराजनं गाण्यांच्या ऐवजी म्हाताऱ्याच आणल्या. खोलीत जातं मांडलं. रिकामं जातं फिरवलं की रेकॉर्डिंगमध्ये खडी क्रशर चालल्यासारखं यायचं, म्हणून दळायला खरी ज्वारी द्यावी लागे. पीठ गाणारीनं घरी न्यायचं, तेच मानधन. कार्यक्रमाचं नाव ‘जुन्या गळ्याची गाणी’. लोक तो ऐकत होते. नाहीतरी त्या वेळेला दुसरं काहीच लागत नसे.

यात सगळ्यांत चांगला गळा चंद्रभागाबाईंचा. त्या अर्जुनरावांच्या थोरल्या भावाची बायको, ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांनी अधू, जिभेनं नाही. कार्तिकात त्यांनी एक ओवी म्हटली:

पहिल्या गं पहाटेला, उंबऱ्याला येती जाग
नणंद रतन माझी, राखेखालची गं आग

दुसरी त्याहून वाईट होती:

भाकरी गं मोजताना, दुरडीला घाली हात
नणंद रतनीनं, मोजिली माझी रात

युवराजला ओव्या आवडल्या. त्यानं त्या सकाळी लावल्या, दुपारी लावल्या आणि नवीन काही नव्हतं म्हणून आठवडाभर लावल्या. नणंद ओवीत असतेच, जसा जात्याला खुंटा असतो. ती जिवंत असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

रतनबाई जिवंत होत्या. नांदूरघाटला होत्या, रेंजमध्ये होत्या, आणि बिभीषणच्या आई होत्या.

बिभीषण जिल्हा परिषदेच्या गटातून उभा राहायच्या तयारीत होता. तो आला तो सरळ खोलीत, चप्पल काढून. चप्पल काढून आलेला पुढारी जास्त धोक्याचा, हे युवराजला ठाऊक होतं.

"युवराज, ही रतन कोण हाय बे?"

"भाऊ, ती ओवीतली हाय."

"ओवीतली. आन आमच्या घरात बसून शेंगा फोडती ती कोण हाय?"

युवराजनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बिभीषणनं तो घेतला नाही.

"काल हाटेलात एक जण म्हनला, भाऊ, आग कशी हाय तब्येतीनं? माज्या आयला आग म्हनला. व्हाट्सपवर फिरायलंय ते. ज्याला सोताच्या घरातल्या भाकरी सुनंला पोटभर देता येत न्हाईत, ते गटाचा इकास काय करील, आसं लिवलंय खाली."

"ते लई जुनं हाय भाऊ. साठ-पासष्ट वर्सांचं."

"टॉवर कदी बसवला?"

"तीन वर्सं झाली."

"मग ते जुनं न्हाई. शनिवारी मामीनं रेडिओवर माफी मागावी. थेट. तू आदी भरून ठिवशील आन मधीच कातर मारशील, ते न्हाई चालणार. न्हाईतर रविवारी टॉवर खाली."

युवराज अर्जुनरावांकडं गेला. अर्जुनराव अंगणात पायाला तेल चोळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ दुसऱ्या पायाला तेल लावलं.

"आमची आक्का आसली न्हवती," ते म्हणाले. "वैनी बी खोटं बोलायची न्हाई. कुणाच्या का पोटात दुखंना, माफी मागू दे आन मिटवा. आईच्या नावाचा रेडिओ हाय. आईच्या नावाला बट्टा नको."

आई म्हणजे मुक्ताबाई. त्यांचा फोटो माइकच्या बरोबर वर टांगलेला होता, हार घातलेला. रोज सकाळी प्रसारण सुरू व्हायचं तेच मुळी ‘मायेचा सागर मातोश्री मुक्ताबाई यांच्या पावन स्मृतीस वंदन करून’. अर्जुनराव हे शेंडेफळ, आईचे सगळ्यांत लाडके. आईच्या दशक्रियेला त्यांनी पाच गावं जेवू घातली आणि तरी मन भरलं नाही, तेव्हा हा रेडिओ काढला.

चंद्रभागाबाई माफीला एका पायावर तयार झाल्या. युवराजला ते तिथंच चुकल्यासारखं वाटलं.

"मागीन की. पर रतनीला समोर बशीव. पाठीमागं कशाची माफी?"

शनिवारी बिभीषणची जीप आली. रतनबाईंना दोघांनी धरून आत आणलं, जात्याच्या पलीकडं बसवलं. दोघींची भेट एरवी कुणाच्या तरी तेराव्यालाच व्हायची, आणि अलीकडं गुडघ्यांमुळं तेरावंही चुकत होतं. मामा-भाचे काचेच्या बाहेर बाकावर बसले. काच एका भंगारातल्या जीपची होती, तिच्यावर अजून ‘आई’ लिहिलेलं होतं, उलटं.

युवराजनं माइक उघडला, घसा साफ केला आणि आज एक विशेष कार्यक्रम असल्याचं सांगितलं. बिभीषणनं कॉलेजातल्या एका मास्तरांकडून माफी लिहून आणली होती. युवराजनं ती पुढं धरली. चंद्रभागाबाई कागदाकडं बघितल्यासारखं करून समोर बघत राहिल्या.

"कोण बसलंय?"

"मी. बदनामी झाली ती," रतनबाई म्हणाल्या.

"गुडघं कसं हायत?"

"हायत."

"दात?"

"न्हाईत."

"बरं झालं. चावायचीस."

"आज्जी," युवराज हळूच म्हणाला, "आपण सुरू झालोय. लोक ऐकतायत."

"ऐकू दे की. त्यास्नी तरी कुटं जायाचंय." चंद्रभागाबाईंनी खुंटा चाचपला. "माफी मागते, पर आदी दळू. नुसतं बसून माज्या तोंडातनं काय निघत न्हाई. रतने, हात लाव."

रतनबाईंनी हात लावला. जातं घरघरायला लागलं. चंद्रभागाबाईंनी तीच ओवी उचलली, राखेखालच्या आगीची. काचेपलीकडं बिभीषण उठून उभा राहिला. ओवी संपली तशी रतनबाईंनी मान खाली घातली आणि पुढची म्हटली. त्यांचा आवाज फाटका होता, पण चाल पक्की होती:

दळण गं दळू दोघी, खुंट्याला दोघींचे हात
नाव माझं घे गं वहिनी, आय बसली दारात

जातं थांबलं. चंद्रभागाबाई बिनआवाजाचं हसत होत्या.

"ही तुझ्या ध्यानात हाय व्हय."

"न राहून काय करीन? आय वड्यावर गेली की हीच म्हनायचो."

युवराजला अजून नीट लागलं नव्हतं. त्यानं विचारलं, "म्हणजे?" मुलाखत घ्यायची त्याची पद्धत एवढीच होती.

"म्हंजे काय," रतनबाई म्हणाल्या. "भाकरी मोजायची आमची आय. रातच्याला उठून पिठात बोट घालून बघायची, कुणी घेतलं का म्हनून. ही चौदा वर्सांची, नवी आलेली. हिनं दळताना कुणाचं नाव घ्यावं? आयचं घेतलं आसतं तर आयनं नांदवली आसती व्हय? ती वसरीवर कान लावून बसायची. म्या म्हनलं, माजं नाव घाल वैनी. मी बारकी, उद्या लगीन हून जाणार. मला कोण इचारतंय?"

"आन मोठ्यानं घाल म्हनायची," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "सासू खूश. म्हनायची, माज्या लेकीवर जळती ही."

आणीबाणीसाठी कॉम्प्युटरवर एक बासरी भरून ठेवलेली होती. बटण दाबलं की माइक बंद आणि बासरी सुरू. युवराजचं बोट बटणावर होतं. वर हारातल्या मुक्ताबाई होत्या, समोर काचेतून अर्जुनराव. बासरी लावावी तर रतनबाई जन्मभर राखेखाली आणि उद्या टॉवर खाली. न लावावी तर खोली गेली. स्टेशन दोन्हीकडून जातच होतं. असं असताना बासरीचे कष्ट कोण घेणार? आणि खरं म्हणजे त्याला पुढचं ऐकायचं होतं. तीन वर्षांत या स्टेशनवर पुढं काय होतंय असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

त्यानं बोट काढून घेतलं.

दोघी पायलीभर दळेपर्यंत थांबल्या नाहीत. माफी राहून गेली. कागदावर पीठ पडलं.

बाहेर बिभीषण जीपपर्यंत जाऊन परत आला. त्याची आई सुटली होती, पण आजी अडकली होती. त्यानं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली असावी.

"आजीचं काय मत न्हाई आता," तो शेवटी म्हणाला. "आय सुटली, झालं. टॉवर राहू दे." मग रतनबाईंना जीपमध्ये बसवताना त्यानं विचारलं, "आय, तू घरी कावून न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? गडबडीत व्हतास."

अर्जुनराव आत आले. चंद्रभागाबाईंनी पावलं ओळखली.

"आर्जुना, राग आला का बाबा?"

अर्जुनरावांनी स्टूल ओढलं. पायातल्या वहाणा काढून स्टुलावर चढले, आईचा फोटो हारासकट उतरवला, उपरण्यानं काच पुसली आणि तो छातीशी धरून रानातून घराकडं निघून गेले. खिळा राहिला. संध्याकाळी त्या खिळ्यासाठी एक बाई जास्तीची गोधडी घेऊन आली.

ते गेले तेव्हाच युवराजनं मनात दुकानातल्या काचा पुसायला घेतल्या होत्या. रात्री त्यानं थोरल्या भावाला फोन लावला, भाऊ बोलायला लागल्यावर ठेवून दिला.

रविवारी सकाळी त्यानं कुलूप उघडलं. सवयीनं सुरुवातीची फीत लावली आणि खोलीभर मायेचा सागर मातोश्री मुक्ताबाई यांना वंदन झालं. ते कापून काढायला अर्धा दिवस गेला असता. फोन आधीच वाजत होता. कडगावाकडची एक म्हातारी म्हणत होती, माज्या ओवीतली मंगल म्हंजे मंगल न्हाई, लिवून घे. दुसरीला फक्त एवढंच सांगायचं होतं, की तिच्या ओवीतला मेला दीर मेलेला नाही आणि दीरही नाही. युवराजनं फोन उचलून बाजूला ठेवला.

मागं दार वाजलं. अर्जुनराव होते. रात्रभर झोपले नसावेत. फोटो बरोबर नव्हता. ते जात्यापाशी, रतनबाईंच्या जागेवर बसले. खोली सोडायला सांगायची तर माणूस खाली कशाला बसेल, असं युवराजला वाटलं, पण विचारायचा कंटाळा आला.

"माइक बंद हाय?"

"बंद हाय आण्णा."

"आई बी म्हनायची. मी मांडीवर आसायचो." त्यांनी आवाज लावला. सभेत पन्नास वर्षं घासलेला आवाज तो, ओवीत शिरताना बैलगाडी दारात अडकावी तसा अडकला:

माझ्या गं माहेराचा, वाटसरू आला गेला
जाऊ म्हाळसानं त्याला, थेंब पाण्याचा न्हाई दिला

बांधावरच्या केबलवर एक कावळा येऊन बसला, तिनं झोका घेतला.

"रात्री ध्यानात आलं," अर्जुनराव म्हणाले. "आमच्या बापाला भाऊच न्हवता. एकुलता एक. मग जाऊ कुटली? म्हाळसा कोण? सासूच आसंल की. माजी आजी." त्यांनी जात्याच्या कडेचं पीठ बोटानं गोळा केलं. "कोण कुणाचं नाव घेतंय आन कुणाचा हिशेब कुणाकडं निघतोय, कळंना झालंय."

युवराजनं वाटीतली ज्वारी त्यांच्यापुढं सरकवली.

"हे वैनीच्या कार्यक्रमात लावता येईल का? आईची बी बाजू यावी लोकांपुढं."

"येईल की. दळावं लागंल पर. पीठ तुमचं."

अर्जुनरावांनी धोतर सावरलं, खुंटा धरला आणि थांबले.

"म्हाळसाच म्हनू, का खरं नाव घालू?"

"बघा आण्णा," युवराज म्हणाला आणि माइक उघडण्यासाठी वाकला. "टॉवर कुणाच्या माळावर हाय ते बघून ठरवा."