ठेंगणीचं दुसरं बाळंतपण

“आज नाही सांगितलंत तरी चालेल, काका. पण ती पुन्हा माजावर यायच्या आत सांगा,” कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या.

टेबलावर ठेंगणी आडवी पडून शेपूट आपटत होती. आखूड पायांची, लांबोडक्या अंगाची. पाच वर्षांपूर्वी बायकोनं आणली आणि नावही तिनंच ठेवलं. पोटावरचे केस पुन्हा उगवले होते, पण चाचपलं की मधोमध टाक्यांची रेघ लागायची. काचवाल्यांचं बोट तिथंच घुटमळत होतं. एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवलेल्या. केसभर फरकही त्यांच्या बोटाला कळायचा.

“पण परत पोट फाडावंच लागेल, असं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“मागे पिल्लू आडवं आलं असतं, तर म्हटलं असतं, पुढच्या वेळी होईल नीट. पण हिचं कंबरेचं हाडच अरुंद आहे. ते काही रुंद होत नाही, काका. मागच्या वेळी एक पिल्लू गेलं, ही थोडक्यात वाचली. परत करता येईल का म्हणाल, तर येईल. हिच्यासाठी करावं का म्हणाल, तर नको. पिशवी काढून टाकू. निवांत जगेल.”

परतीच्या वाटेवर बेकरीवाल्यानं गाठलंच. मागच्या पिल्लांचा बाप त्याचाच कुत्रा.

“काय मग, काचवाले? आमचा नवरदेव एका पायावर तयार आहे!”

“तुमच्या नवरदेवाचं काय जातंय? पोट कुणाचं फाटतं?”

बेकरीवाला हसला. काचवालेही हसले, पण घर येईपर्यंत ते हसू कुठल्या कुठे गेलं. कारण पिल्लं हवी होती ती बेकरीवाल्यापेक्षा त्यांनाच. आणि तीही पिल्लांसाठी नव्हे.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. आई गेल्यापासून तिचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. “जेवलात?” “जेवलो.” “गोळी घेतलीत?” “घेतली.” “बरं.” दोघांमधलं सगळं बोलणं जणू ती माउली बरोबर घेऊन गेली होती.

मग गेल्या वर्षी ठेंगणी अडली. ऑपरेशन झालं, पण तिला दूध उतरेना. गुंगीतून उठल्यावर ती पिल्लांकडे ढुंकून बघेना. काचवाल्यांनी लेकीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बॅग खांद्याला अडकवून ती दारात हजर. “बाबा, बाजूला व्हा. ड्रॉपर कुठाय?”

बावीस दिवस राहिली. मागच्या खोलीत फरशीवर बसून दर दोन तासांनी दोघं तीन पिल्लांना थेंब थेंब दूध पाजायची. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं म्हणा किंवा काय, पण लेक बोलायला लागली. ठरलेलं लग्न तिनं का मोडलं, हे दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं. ते तिनं पिल्लावरची नजर न काढता सांगून टाकलं. काचवाल्यांनी बायकोच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगितलं आणि सांगता सांगता रडले. लेक उठली नाही, गप्प करायला गेली नाही. नुसतं दुसरं पिल्लू त्यांच्या हातात दिलं. एकदा कशावरून तरी ती नाकातून फसकन हसली. हुबेहूब आईसारखी.

पुढे ठेंगणीला दूध उतरलं, पिल्लं डोळे उघडून लटपटत चालू लागली, लेक गेली. महिन्याभरात पिल्लांनाही घरं मिळाली. फोन पुन्हा “जेवलात?”वर आला. फक्त गेल्या रविवारी ती म्हणाली होती, “परत पिल्लं होणार असतील तर आधी कळवा हं, बाबा. मी रजा शिल्लक ठेवते.”

तेव्हापासून काचवाल्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडून आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ते ठेंगणीचे कान पुसायला बसले. ती नेहमीसारखी मांडीत शिरली आणि विश्वासानं उताणी झाली. पोटावर हात ठेवताच त्यांना लख्ख कळलं, की आपण मनात काय घोळवतो आहोत. लेकीला घरी आणायचं, म्हणून हिला टेबलावर निजवायचं? घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांना मान खाली घालावीशी वाटली.

त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. मग लेकीला.

“पिल्लं नाही करायची. पिशवीच काढून टाकतोय तिची. बुधवारी.”

“बरं केलंत, बाबा. बिचारीचे हाल झाले होते.”

“हो.”

“ठेवू मग?”

“ऐक.” काचवाल्यांनी तिला थांबवलं. “तू ये ना पण. रजा शिल्लक आहे म्हणाली होतीस.”

“काही काम आहे का? ऑपरेशनला थांबायला हवंय?”

“नाही, ते मी बघेन. काम असं काही नाही. उगाच ये.”

“बघते,” ती म्हणाली. पण हळू म्हणाली आणि फोन ठेवायची घाई केली नाही.

बुधवारी ऑपरेशन सुखरूप पार पडलं. शनिवारी काचवाल्यांनी मागच्या खोलीतली लेकीची गादी ओढत गॅलरीत नेली आणि कठड्यावर उन्हात टाकली. पोटाला पट्टी बांधलेली ठेंगणी गादीच्या सावलीत येऊन पडली. भर दुपारी ते पुन्हा उठले, गादी उलटी केली, दुसरी बाजूही नीट तापू दिली.